पुढचा कुठं उभा आहे?

शर्यतीच्या आधी महिनाभर आमच्या घरातलं शिसवी लाटणं कधी जागेवर सापडलं नाही. सकाळी कणीक मळून झाली की मी ते शोधायला निघायचे. कधी ते चपलांच्या स्टँडवर असायचं, कधी गच्चीच्या जिन्यात, एकदा तर स्कूटरच्या डिकीत मिळालं. पुतणी ते बॅटन म्हणून, रिले शर्यतीत एकाने दुसऱ्याच्या हातात द्यायची नळी म्हणून, वापरत होती. आधी तिने टेप लावून मोजलंही होतं. खऱ्या बॅटनची लांबी २८ ते ३० सेंटिमीटर असते, वजन निदान ५० ग्रॅम, आणि आतून ती पोकळ असते. आमचं लाटणं ३४ सेंटिमीटर भरलं आणि वजनाला कितीतरी जास्त. "जड आहे तेच बरंय काकू," ती म्हणाली, "हातात काहीतरी आहे हे लक्षात राहील तुझ्या."

पुतणी एकोणीस वर्षांची, कॉलेजकडून चारशे मीटर पळते. तिची आई, म्हणजे माझी मोठी जाऊ, शाळेत शिकवते. मी तिला ताई म्हणते. तिसरी मी. आणि चौथ्या आमच्याच बिल्डिंगमधल्या तळमजल्यावरच्या सिस्टर. ३६ वर्षं नर्सची नोकरी करून त्या मागच्या वर्षी निवृत्त झाल्या, पण अख्खी बिल्डिंग त्यांना अजून सिस्टरच म्हणते.

शर्यत डिसेंबरातल्या एका रविवारी होती. धावणाऱ्यांच्या एका स्थानिक गटाने ठेवलेली, २० किलोमीटरची रिले, चार जणांचा संघ, प्रत्येकाला ५ किलोमीटर. नाशिकच्या गंगापूर रस्त्यावर, सोमेश्वरच्या अलीकडून निघायचं, गंगापूर गावाच्या दिशेला अडीच किलोमीटर जायचं, वळसा घालून परत यायचं आणि पुढच्याच्या हातात बॅटन द्यायची. पुतणीने जेवताना विषय काढला तेव्हा ताई लगेच हो म्हणाली, सिस्टर तर दुसऱ्या दिवशी बूट घेऊनच आल्या. मी चार दिवस काही बोलले नाही.

पाच किलोमीटर झेपतील की नाही, ही शंका नव्हती. बेचाळिसाव्या वर्षी मी पळायला लागले ते गोल्फ क्लबवर. कागदोपत्री ते हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, पण रिक्षावाल्याला गोल्फ क्लब म्हटल्याशिवाय पटकन कळत नाही. आधी नुसतं चालणं, मग एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत पळणं, मग एक फेरी, मग तीन. तीन वर्षांत सलग चाळीस-पंचेचाळीस मिनिटं पळण्याइतका दम आला होता. अडचण वेगळी होती, आणि ती सांगायला मला नीट शब्द सापडत नव्हते.

घरात माझ्यावाचून पुष्कळ काही अडतं. डबे, सासूबाईंच्या गोळ्या, गॅसचा नंबर, मुलाची फी भरायची शेवटची तारीख, कोणत्या डब्यात कोणती डाळ. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. आपल्यावाचून अडतं यात मायाही असते आणि मला ती हवी आहे. पण सकाळचा तो पाऊण तास असा होता की त्यात माझ्यावाचून कुणाचं काही अडत नव्हतं. मी हळू पळाले तरी चालत होतं, मध्येच बाकावर बसले तरी चालत होतं. मैदानाच्या त्या गोलात माझी वाट कुणी बघत नव्हतं. त्या मोकळेपणासाठीच मी पहाटे पाचला उठत होते.

आणि तेवढ्याच खरेपणाने दुसरी बाजूही सांगते. दोन वेळा मी दहा किलोमीटरच्या शर्यतीत पैसे भरून नाव दिलं होतं आणि दोन्ही वेळा गेले नव्हते. एकदा पाहुणे होते. दुसऱ्यांदा काहीच नव्हतं, फक्त थंडी होती. छातीवर लावायच्या नंबराच्या त्या दोन्ही बिब अजून कपाटात कोऱ्या आहेत. मी गेले नाही म्हणून कुणाचं काही अडलं नाही, आणि म्हणूनच न जाणं इतकं सोपं गेलं.

आता रिलेत म्हणजे पुन्हा कुणीतरी ताटकळत उभं राहणार, पुन्हा घड्याळाकडे बघणार. घरातलं ते अडणं माझ्या मागोमाग मैदानापर्यंत येणार, असं वाटत होतं. चार दिवस मी गप्प होते ते यामुळे.

त्याच आठवड्यात मी माहेरी गेले होते. माझं माहेर दिंडोरी तालुक्यात, द्राक्षबागांमधलं गाव. आप्पा ओसरीवर बसले होते. शहाहत्तर वर्षांचे आहेत, गुडघे दुखतात, पण पाठ अजून ताठ. त्यांना मी शर्यतीचं सगळं सांगितलं, किती अंतर, किती संघ, किती वाजता सुरू. ऐकून घेतलं आणि त्यांनी एकच विचारलं.

"आन् पुढचा कुठं उभा ऱ्हातो?"

मला हसू आलं नाही, कारण हा प्रश्न कुठून आला ते मला ठाऊक होतं. आप्पांनी तरुणपणी सतरा-अठरा वर्षं ज्योत आणली आहे.

आमच्या भागात ज्यांनी नवरात्र पाहिलंय त्यांना हे सांगायला नको, पण बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी गावोगावची पोरं सप्तशृंगी गडावर जातात. देवीसमोर मशाल पेटवतात आणि ती पेटती मशाल आळीपाळीने हातात घेऊन, पळत, आपापल्या गावापर्यंत आणतात. त्या ज्योतीने गावच्या देवळातला दिवा लावायचा, मग घट बसतात. हल्ली मागे टेम्पो असतो, त्यावर स्पीकर, पोरांच्या अंगात एकसारखे टी-शर्ट. आप्पांच्या वेळी मागे ट्रॅक्टरची ट्रॉली असायची आणि तिच्यात तेलाचा डबा, चिंध्यांचं गाठोडं आणि दमलेली पोरं. गडावरून घाट उतरून नांदुरी, मग वणी, मग आमचं गाव. पायात काही घालायचं नाही.

रिले हा शब्द आप्पांना माहीत नाही. पण माझ्या ओळखीत त्यांच्याइतकी रिले कुणी पळालेलं नाही, हे मला त्या ओसरीवर बसल्यावर पहिल्यांदा कळलं. लहानपणापासून ज्योतीच्या गोष्टी ऐकल्या होत्या, तरी त्या मी देवाच्या गोष्टींत जमा केल्या होत्या, पळण्याच्या नाही.

"मशाल देताना थांबायचं न्हाई," ते सांगायला लागले. "थांबलं का जाळ वर येतो, हाताला लागतो. पळता पळताच द्यायची. पुढचा आधीच पळायला लागतो, तू त्याच्या बरोबरीनं यायचं, आन् दोघांनी दांडी धरून दहा पावलं बरोबर पळायचं. त्याची मूठ बसली का मंग आपली सोडायची. त्याच्या आधी न्हाई."

मी विचारलं, कधी विझली का?

"एकदा. घाटात, वाऱ्यानं." थोडा वेळ ते अंगणाकडे बघत राहिले. "काडी लावून चालत न्हाई ना. परत गडावर गेलो सगळे. गावात पोचायला दुपार झाली, बायका घट घेऊन बसून ऱ्हायल्या व्हत्या. मंग पुढच्या सालापासून ट्रॉलीत एक कंदील पेटता ठेवायला लागलो, तिथल्याच ज्योतीवर लावलेला."

"कुणाच्या हातात विझली होती?"

"आमच्या," आप्पा म्हणाले.

पन्नास वर्षं होत आली, ते नाव त्यांनी आजवर घेतलेलं नाही. आईलाही माहीत नव्हतं.

परतीच्या एसटीत मी पुतणीला मेसेज केला की माझं नाव घाल.

मग गच्चीवर सराव सुरू झाला. मला वाटायचं पळणं येतंय म्हणजे झालं, देणं-घेणं काय, हातात द्यायचं. पण पुतणीने पहिल्याच दिवशी आम्हाला दोन तास त्यावरच घालवायला लावले. शंभर मीटरच्या रिलेत घेणारा मागे बघत नाही, तळहात मागे करून पुढे पळत सुटतो आणि येणारा त्याच्या हातात बॅटन ठेवतो. चारशेच्या रिलेत मात्र मागे बघूनच घेतात. कारण एक फेरी पूर्ण पळून येणारा शेवटच्या पन्नास मीटरमध्ये पार गळालेला असतो, त्याच्या वेगाचा भरवसा नसतो. मग त्याच्याकडे बघून आपला वेग ठरवणं, हात नेमका कुठे न्यायचा ते ठरवणं, हे सगळं घेणाऱ्याचं काम. "आपली रिले ह्या दुसऱ्या जातीची," ती म्हणाली. "दमलेल्याने फक्त हात पुढे करायचा. बाकी ताज्या माणसाने सांभाळायचं."

हे मला फार आवडलं. नियमाच्या पुस्तकात असं लिहिलेलं नसेल, पण पळणाऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या पळून हे ठरवलंय, आणि त्यात केवढा समजूतदारपणा आहे.

बॅटन पडली तर काय, हे सिस्टरनी विचारलं. ज्याच्या हातून पडली त्यानेच उचलायची, असा नियम आहे. आणि देणं-घेणं आखून दिलेल्या पट्ट्यातच झालं पाहिजे. चारशेच्या रिलेत तो पट्टा २० मीटरचा, शंभरच्या रिलेत आता ३० मीटरचा. गच्चीवर तिने खडूने २० मीटर आखायचा प्रयत्न केला तर रेघ पाण्याच्या टाकीखाली गेली. शेवटी आम्ही खाली पार्किंगमध्ये आखली.

एका रात्री स्वयंपाकघरात ओट्याला टेकून आम्ही चौघींनी तिच्या फोनवर बुडापेस्टची शर्यत बघितली. ऑगस्ट २०२३, जागतिक स्पर्धेतली चार गुणिले चारशेची प्राथमिक फेरी. मुहम्मद अनस, अमोज जेकब, मुहम्मद अजमल आणि राजेश रमेश. अमेरिकेच्या पाठोपाठ दुसरे, २ मिनिटं ५९.०५ सेकंद, तेव्हाचा नवा आशियाई विक्रम. शाळेत असताना मी पी. टी. उषाचं नाव ऐकलं होतं ते चारशे मीटर अडथळ्यांसाठी, सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्याने हुकलेल्या त्या पदकासाठी. पण १९८४च्या त्याच लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ती, एम. डी. वलसम्मा, वंदना राव आणि शायनी अब्राहम अशा चौघी रिलेच्या अंतिम फेरीत पोचल्या होत्या आणि सातव्या आल्या होत्या, हे मला पुतणीकडून कळलं. एकटीचं हुकलेलं पदक सगळ्यांच्या लक्षात राहिलं आणि चौघींनी मिळून गाठलेली अंतिम फेरी मागे पडली, याची मला खरंच रुखरुख वाटली.

व्हिडिओत मी मात्र दुसऱ्याच गोष्टीकडे बघत होते. तिसरा आणि चौथा धावपटू रेघेवर उभे असतात तेव्हा पंच त्यांना आतून बाहेर अशा क्रमाने उभं करतात. हा क्रम ठरतो तो मैदानाच्या पलीकडून येणाऱ्या त्यांच्या साथीदारांवरून. दोनशे मीटरच्या खुणेला तुझा माणूस पहिला असेल तर तू सगळ्यात आत, चौथा असेल तर चौथा. म्हणजे अजून एक पाऊलही न पळता तुझी जागा कुणी दुसरा पळून ठरवत असतो. ते उभे असताना कुणीही स्वतःकडे बघत नसतं. सगळ्यांच्या माना एकाच बाजूला.

त्या दिवसांत मी रात्री झोपायच्या आधी फोनवर रिलेबद्दल मिळेल ते वाचत होते. जपानमध्ये लांब पल्ल्याच्या रस्त्यावरच्या रिलेला एकिडेन म्हणतात. पहिली १९१७ साली झाली, क्योटोपासून टोकियोपर्यंत, पाचशे किलोमीटरहून जास्त, दिवसरात्र पळत. तिथे बॅटन नसते, कापडाचा एक पट्टा असतो, तासुकी, जानव्यासारखा एका खांद्यावरून घालायचा आणि पुढच्याला काढून द्यायचा. विद्यापीठांची हाकोने एकिडेन १९२०पासून आहे. दहा जण, दोन दिवस, दोनशेहून अधिक किलोमीटर. तिच्यात एक नियम असा की पहिला संघ गेल्यावर ठरावीक वेळात तुझा माणूस पोचला नाही तर तू थांबायचं नाही. दुसरा कोरा पट्टा गळ्यात घालून तुला सोडून देतात. मागचा माणूस आपल्या घामाने भिजलेला पट्टा हातात घेऊन येतो आणि समोर घ्यायला कुणी नसतं.

ते वाचलं त्या रात्री मला उशिरापर्यंत झोप आली नाही. आप्पांची ती दुपार आठवत राहिली, घट घेऊन बसून राहिलेल्या बायका. त्या उठून गेल्या नाहीत. काडी ओढून दिवा लावून मोकळ्या झाल्या नाहीत.

क्रम ठरवताना थोडा वाद झाला. पुतणी सगळ्यात वेगवान, तिने शेवटी पळावं असं ताईचं म्हणणं. पण सिस्टर म्हणाल्या, "शेवटी मी." आम्ही तिघी त्यांच्याकडे बघायला लागलो, कारण त्यांचा टप्पा अर्धा पळून अर्धा चालून होणार होता.

"छत्तीस वर्षं मी पुढच्या सिस्टरची वाट बघितली," त्या म्हणाल्या. "तिच्या हातात वॉर्ड दिल्याशिवाय मला घरी जाता यायचं नाही. एकेका बेडपाशी उभं राहून सांगायचं, याचं सलाइन कधी लावलंय, याला रात्री ताप होता, ही बाई रडत होती तिच्याशी बोल जरा. ती उशिरा आली तर माझी बस गेली. आता एकदा तरी अशी ड्यूटी करू दे जिच्यानंतर कुणाला काही द्यायचं नाही."

यावर कुणी काही बोललं नाही. पुतणी पहिली, ताई दुसरी, मी तिसरी, सिस्टर शेवटी.

शर्यतीच्या आदल्या रात्री थंडी पडली. नाशिकची डिसेंबरातली थंडी आधीच कडक, त्यात माहेरकडून फोन आला की भाऊ रात्रभर बागेत शेकोट्या पेटवून जागा आहे. द्राक्षाचे मणी फुगायच्या दिवसांत पारा असा उतरला की माल जातो, म्हणून धूर करायचा, पाणी सोडायचं. आप्पा यायचे होते, ते राहिलं. "बागेला सोडून कसं येऊ," म्हणाले. बरोबरच होतं.

सकाळी सहाला आम्ही पोचलो तेव्हा रस्त्यावर अजून दिवे होते. नदीकडून धुकं येत होतं. तोंडातून वाफ निघत होती आणि कुणाच्या तरी शेतातल्या शेकोटीचा धूर हवेत होता. चुन्याने दोन रेघा आखलेल्या, त्यांच्यामध्ये आमचा पट्टा. बॅटन हातात आली तेव्हा ती इतकी हलकी वाटली की मी दोनदा मूठ आवळून बघितली. ॲल्युमिनियमची थंडगार नळी, तिच्यावर काळ्या मार्करने आमचा क्रमांक.

पुतणी २४ मिनिटांत परत आली आणि आईच्या हातात बॅटन ठेवून गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिली. ताई निघाली. आणि मग मी त्या रेघेवर जाऊन उभी राहिले.

तिथे उभं राहण्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण माझी शर्यत खरं म्हणजे तिथे झाली. माझ्या आजूबाजूला आठ-दहा जण तसेच उभे होते. एक शाळकरी मुलगा, एक पांढऱ्या मिशांचे काका, हाताला मेंदी लावलेली एक मुलगी, लग्नाला महिना झालेला असेल. कुणी कुणाशी फारसं बोलत नव्हतं. सगळ्यांच्या माना गंगापूरच्या दिशेला. वळणावर कुणी दिसलं की आठ-दहा जण टाचा उंच करायचे, आणि आपलं माणूस नाही कळलं की खाली व्हायचे. ज्याचं असेल तो एकदम वेगळा दिसायचा. त्याचा चेहरा उघडल्यासारखा व्हायचा.

ताई किती वेळात येईल ते मला माहीत होतं. तरीही तिसाव्या मिनिटाला मला वाटायला लागलं की ती पडली असेल, पाय मुरगळला असेल. लग्न होऊन या घरात आले त्याला बावीस वर्षं झाली. रोज एका ओट्यावर आम्ही स्वयंपाक केला, पण इतकं एकटक मी तिच्या वाटेकडे कधी बघितलं नव्हतं. वाट बघणं हे मी कायम दुसऱ्याचं काम समजत आले होते. दुसरे माझी बघतात, मी धावपळ करते. आता मी बघत होते, आणि त्यात घाई नव्हती, राग नव्हता. ती नीट यावी, एवढंच वाटत होतं. वेळ लागला तर लागू दे.

एकोणचाळिसाव्या मिनिटाला ती वळणावर दिसली. पदर खोचावा तशी ओढणी कमरेला बांधलेली, चेहरा लाल. माझ्याकडे बघत होती पण तिला मी दिसत नव्हते, हे मला कळलं. पुतणीने शिकवलेलं आठवलं, दमलेल्याने फक्त हात पुढे करायचा. मी दोन्ही हात वर करून ओरडले, "ताई, इकडे! इकडे बघ!" तिचे डोळे स्थिर झाले. मी पळायला लागले, डावा हात मागे, मान वळवलेली. नळी माझ्या तळहाताला लागली. मी मूठ मिटली.

आणि ताईने सोडलंच नाही.

मी ओढलं तरी तिची मूठ तशीच. आम्ही दोघी एकच नळी धरून पळत होतो, ती एका टोकाला, मी दुसऱ्या. तिचा श्वास मला ऐकू येत होता. बाजूने कुणीतरी ओरडलं, "सोडा सोडा, पट्टा संपतोय!" चुन्याची रेघ अगदी पुढ्यात आली तेव्हा तिची बोटं उघडली. किती पावलं झाली ते मी मोजलं नाही. नंतर तिला विचारलं तर म्हणाली, "तुझी पकड बसली असं वाटेपर्यंत सोडवेना गं." आप्पांची मशालीची गोष्ट मी तिला तोवर सांगितलेली नव्हती.

माझे पाच किलोमीटर फार काही विशेष नव्हते. सुरुवातीला जास्त वेगाने पळाले, पहिल्याच चढाला छाती भरून आली. नाशिक समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या आसपास आहे आणि गंगापूर रस्ता सपाट वाटतो, पण पळताना त्याचे सगळे चढ पायाला कळतात. याच जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य आणलं. दहा हजार मीटर म्हणजे मी पळत होते त्याच्या दुप्पट. वळसा घेताना तिची आठवण झाली, म्हणजे आठवण केली, थोडं बळ यावं म्हणून.

हातातली नळी आता थंड नव्हती. तिघींचा घाम तिला लागला होता आणि ती कोमट झाली होती, थोडी निसरडी. साडेतीन किलोमीटरच्या सुमाराला मला चालावंसं वाटलं. मैदानावर असते तर चालले असते, किंवा बाकावर बसले असते. त्या दोन कोऱ्या बिबही आठवल्या. पण सिस्टर म्हणाल्या होत्या, "मी स्वेटर काढून कुडकुडत उभी राहणार नाही. तू दिसलीस की मगच काढणार." नाइट ड्यूटीचा त्यांचा मरून स्वेटर, पांढऱ्या कपड्यांवर इतकी वर्षं घातलेला, कोपरांवर विरलेला.

मी पळत राहिले. शेवटच्या वळणावर आले तेव्हा लांब, सुमारे तीनशे मीटरवर, चुन्याच्या रेघेपाशी माणसांचा पुंजका दिसला. चेहरे दिसत नव्हते. रंग दिसत होते. त्यात एक मरून ठिपका होता. मी त्याच्याकडे बघत पळत होते, आणि बघता बघता तो मरून ठिपका पांढरा झाला.

स्वेटर उतरला होता. मी दिसले होते.

घरात जे माझी वाट बघतात त्यांना मी पोचले की मिळायचं ते मिळतं, चहा, डबा, किल्ली, आणि गोष्ट तिथे थांबते. इथे जी उभी होती ती माझ्या हातातलं घेऊन पुढे जाणार होती. मी जे आणत होते ते माझ्यापाशी संपणार नव्हतं. हा फरक मला त्या तीनशे मीटरमध्ये कळला, आणि मैदानावरचा माझा तो मोकळा पाऊण तास कुणी हिरावून घेतला असं मुळीच वाटलं नाही. पाय जड होते, पण पोटातली कसली तरी गाठ सुटली होती.

सिस्टरनी मागे बघत, बरोबर माझ्या वेगाने पळत, हात पुढे केला. नळी त्यांच्या हातात गेली. मीही लगेच सोडली नाही.

त्या गेल्यावर मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले. उजव्या हाताची बोटं तशीच वळलेली, मध्ये नळीएवढी पोकळी. ती लगेच सरळ होईनात. ताई आली, तिने त्या पोकळीत चहाचा कागदी कप बसवला आणि काही न बोलता शेजारी उभी राहिली.

सिस्टरना ५७ मिनिटं लागली. तोवर बहुतेक संघ आटोपून मिसळ खायला गेले होते, रेघेवर आम्ही तिघी आणि तीन-चार स्वयंसेवक. त्या चालत आल्या, शेवटचे पन्नास मीटर पळाल्या, रेघ ओलांडली आणि थांबल्या. मग बॅटन तशीच पुढे धरून इकडेतिकडे बघायला लागल्या, कुणाच्या हातात द्यायची म्हणून. एक पोरगा धावत आला, "सिस्टर, माझ्याकडे द्या, जमा करायची आहे." आम्ही मारलेली हाक ऐकून त्यालाही त्यांचं नाव तेच वाटलं असावं. त्यांनी दिली, पण आधी त्याला म्हणाल्या, "नीट धर. ओली आहे."

एकूण २ तास ४१ मिनिटं.

संध्याकाळी पोळ्या करत होते तेव्हा आप्पांचा फोन आला. बाग वाचली होती, भाऊ झोपला होता. वेळ किती लागला, कितवा नंबर आला, हे त्यांनी विचारलं नाही.

"इझली न्हाई ना?"

"नाही आप्पा."

"मंग सांग," ते म्हणाले. "पह्यल्यापासून सांग. पह्यली कोण व्हती?"

मी लाटणं पोळपाटावर ठेवलं, गॅस बारीक केला आणि सांगायला लागले.